मार्क्स वाचायचाय? मग कॅपिटलच्या पहिल्या पानापासून सुरू करू नका

बरेच जण उत्साहाने कॅपिटल या मार्क्सच्या मुख्य ग्रंथाचा पहिला खंड आणतात, मूल्य समजावताना येणाऱ्या ‘२० वार लिनन (कापड) बरोबर १ कोट’ या समीकरणापाशी अडकतात आणि पुस्तक कपाटात जातं. माझंही दोनदा असंच झालं. त्यात आपली काही चूक नाही, ते पहिलं प्रकरण आहेच अवघड.

सुरुवात ‘मजुरी आणि भांडवल’पासून करा. छोटी पुस्तिका आहे, मार्क्सने १८४७ मध्ये ब्रसेल्सच्या कामगारांपुढे दिलेली भाषणं आहेत ती. फक्त मार्क्सचा मित्र आणि सहलेखक एंगल्सने सुधारलेली १८९१ ची आवृत्तीच घ्या, कारण त्यात त्याने एक मोठा बदल केलाय, कामगार ‘श्रम’ नाही तर ‘श्रमशक्ती’, म्हणजे काम करण्याची आपली क्षमता विकतो. हा फरक कळला की अर्धं काम झालं.

वही घ्या आणि हिशोब मांडा. समजा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ६०० रुपये, ८ तास काम, आणि कच्चा माल, वीज, मशीनची झीज सगळं वजा करून त्या कामगाराने मालात १२०० रुपयांची भर घातली. म्हणजे ४ तासांत त्याचा रोज सुटला, उरलेले ४ तास मालकाचे, हेच वरकड मूल्य. आणि लक्षात घ्या, मालकाने ठरलेला रोज पै न् पै चुकता केला तरी हे होतंच, कुणी लबाडी करायची गरजच नाही.

कम्युनिस्ट जाहीरनामा (१८४८) एका संध्याकाळी होतो, जरूर वाचा, पण तो आवाहन करायला लिहिलाय, त्यात सगळं उलगडून मिळेल अशी अपेक्षा नको.

मग कॅपिटल, पण थेट दहावं प्रकरण, कामाचा दिवस. मार्क्सने स्वतः कुगेलमान नावाच्या मित्राला १८६७ च्या पत्रात लिहिलं होतं की तुझ्या बायकोला आधी हे आणि अशी सोपी प्रकरणं वाचायला सांग. यात लंडनची मेरी अॅन वॉकली भेटते, २० वर्षांची, कपडे शिवणारी, सलग साडेसव्वीस तास काम करून १८६३ मध्ये मेली. ते पान मी वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो. (प्रकरणांचे हे नंबर इंग्रजी आवृत्तीचे, जर्मनमध्ये ते वेगळे आहेत.)

त्यानंतर एकविसावं, नगावर मजुरी. माझा एक मित्र जेवणाच्या डिलिव्हरीला जायचा, ऑर्डरमागे पैसे, हॉटेलबाहेर थांबलेल्या वेळेचे शून्य. त्याला हे वाचून दाखवलं, नगावर पैसे असले की देखरेखीची फारशी गरजच उरत नाही, माणूस आपणहून तास वाढवतो, तर म्हणाला अरे हे कोणी कधी लिहिलंय?

आणि सोबत बाबासाहेबांचं ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ (१९३६) वाचाच. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांचीच विभागणी आहे, हे त्यात आहे. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा आणि दलिताचं तोंड लागलेल्या धाग्याचा इतर कामगार विटाळ मानायचे, आणि १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा युनियनपुढे ठेवला. नुसता मार्क्स वाचून हे कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

एवढं झालं की लिननकडे परत या, दिवसाला चार-पाच पानं, जमलं तर दोघा-तिघांनी मिळून मोठ्याने वाचत. दुसरा-तिसरा खंड मार्क्स गेल्यावर एंगल्सने काढलेत, ते आत्ता नकोत.