ब्रोशरच्या आधी पलंग मोजा

टू बीएचके विकायचा म्हटलं की बिल्डरचा साचा ठरलेला: परदेशी वाटणारं नाव, निळाशार पूल, चकचकीत सॅम्पल फ्लॅट. प्लॅन आधीच फायनल, जाहिरातवाल्याने तो फक्त नटवायचा. हा क्रम उलटा करून पाहा. आधी सामान, मग खोली, शेवटी ब्रोशर.

सुरुवात लहान बेडरूमपासून करा, फसगत तिथेच होते. १० बाय १० फूट कागदावर ऐसपैस दिसतं. डबलबेड ६ बाय ६.५ फूट, कपाट २ फूट खोल. कपाट पलंगाच्या पायथ्याकडच्या भिंतीला लावलं की मध्ये उरतो दीड फूट, आणि कपाटाचं दारही दीड फुटाचं. दार उघडलं की पलंगाला टेकतं. मग पलंगावर गुडघे टेकून साड्या काढायच्या. सॅम्पल फ्लॅटमध्ये हे कळत नाही, कारण तिथे पलंग ५ बाय ६ चा ठेवतात, कपाटाच्या जागी आरसा लावतात आणि खोलीचं दारच काढून टाकतात. खोली १० बाय ११ केली तर तेच अंतर अडीच फूट होतं. हे १० चौरस फूट पॅसेजमधून काढा, तिथे कुणाला चुकणार नाहीत.

त्यातही नकाशावरचे १० फूट बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंतचे असतात. दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच गिलावा धरला की एक इंच गेलाच. शिवाय ९ इंची कॉलम ६ इंची भिंतीत मावत नाही, ३ इंच खोलीत डोकावतो, तोही नेमका कपाटाच्या कोपऱ्यात. म्हणून आरसीसी ड्रॉइंग, म्हणजे कॉलम-बीमचा नकाशा, हातात आलं की त्यावर फर्निचर पुन्हा मांडा. कॉलम बाहेर सरकेल का, हे आरसीसी कन्सल्टंटला तेव्हाच विचारायचं. फूटिंग (कॉलमचा पाया) भरल्यावर विचारून उपयोग नाही.

प्लॅन पक्का करण्याआधी साइटवर सपाट जागा बघून फक्कीने एक फ्लॅट खऱ्या मापात आखा. लाइन-आउट, म्हणजे जमिनीवर आखणी, करणाऱ्या मिस्त्रीला हे काही नवं नाही. पलंग, फ्रिज, वॉशिंग मशिनच्या मापाचे पुठ्ठे मांडा आणि रोज स्वयंपाक करणाऱ्या माणसाला त्यात फिरवा. आर्किटेक्टला नव्हे.

ड्राय बाल्कनीची, म्हणजे धुण्या-वाळवण्याच्या छोट्या बाल्कनीची, चूक इथे लगेच सापडते. रुंदी ३ फूट, मशिन २ फूट खोल. लांब भिंतीला लावलं तर समोर एकच फूट उरतो, फ्रंट लोडचं दार पूर्ण उघडत नाही आणि खाली बसायची सोयच नाही. मशिन टोकाला ठेवा, तोंड लांबीच्या दिशेने. नळ, सांडपाण्याचा आउटलेट आणि १६ अँपिअरचा सॉकेट त्याच टोकाला घ्या. प्लंबरला आधी सांगितलं नाही तर नळ मधोमध येणार, हे धरूनच चाला.

पूल द्यायचाच असेल तर खर्च मांडून द्या. माणूस, क्लोरीन, पंपाची वीज मिळून महिना ३६,००० धरले तर ४० घरांत घरटी ९०० रुपये. हा आकडा ब्रोशरमध्ये छापायची हिंमत होत नसेल तर पूल रद्द करा.

आता ब्रोशर. महारेरा (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक, महारेराचं संकेतस्थळ आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड हे सक्तीचंच आहे. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या वापरायच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनीचा आकडा वेगळ्या ओळीत द्या. खोलीचं माप गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत लिहा आणि प्लॅनमधल्या पलंगावर ‘६ × ६.५’ असं छापा.

सॅम्पल फ्लॅट बांधलात तर दारं बसवा आणि फर्निचर पूर्ण मापाचं ठेवा. रेराच्या कलम १२ मध्ये जाहिरातीबरोबर नमुना सदनिकाही येते. ती पाहून पैसे भरलेल्याचं चुकीच्या माहितीमुळे नुकसान झालं तर भरपाई मागता येते. मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग, एसी यांपैकी किमतीत काय धरलेलं नाही, त्याची मराठीत यादी करून प्रवेशदाराच्या आतल्या बाजूला लावा. तिचीच प्रत बुकिंग फॉर्मला जोडून ग्राहकाची सही घ्या.