एका स्टेशनवर उतरायचं, दुसऱ्यावरून परतायचं : ठाण्याहून बिनगाडीची भटकंती

स्वतःची गाडी घेऊन डोंगरात गेलं की जिथे ती लावली तिथेच परत यावं लागतं. पलीकडची उतरण कितीही खुणावत असली तरी पाय मागे वळवायचे. लोकलने जाणाऱ्याला ही कटकट नाही. एका स्टेशनवर उतरायचं, डोंगर ओलांडायचा, दुसऱ्या स्टेशनवरून घरी. ठाणेकरांना तर कल्याणपुढे कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटतात, शिवाय ट्रान्सहार्बर मार्गाच्या लोकलने थेट पनवेल. तीनही बाजूंना सह्याद्रीची पोरं-बाळं उभी आहेत.

सुरुवात मात्र उलटी करा : आधी परतीची गाडी ठरवा, मग जायची. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाचच्या आत पायथ्याला यायचं असं धरा आणि तिथून मागे मोजत या. कल्याणपुढे लोकल विरळ होतात. एक चुकली तर पुढची लगेच येत नाही. रविवारी निघणार असाल तर शनिवारीच मेगाब्लॉकची (रुळांच्या दुरुस्तीसाठी लोकल बंद ठेवण्याची) बातमी बघा. ब्लॉक साधारणपणे सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो, त्यामुळे पहाटे निघून संध्याकाळी परतणाऱ्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. दहा वाजता आरामात निघणारे मात्र अडकतात.

दुसरं काम स्टेशन ते पायथा या टप्प्याचं. बेत फसतात ते इथेच. माहुली किल्ल्याचंच घ्या. कसारा वाटेवरच्या आसनगावला उतरून शेअर रिक्षाने माहुली गावात जायचं, अंतर पाचेक किलोमीटर. सकाळी स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. संध्याकाळी गड उतरलो तर गावात एकही रिक्षा नाही. थकल्या पायांनी, अंधारात, कुत्र्यांच्या सोबतीने आसनगावपर्यंत चालत आलो. तेव्हापासून सकाळी उतरतानाच रिक्षावाल्याचा नंबर घेतो आणि किती वाजता यायचं तेही ठरवून टाकतो. एसटीने गेलात तर कंडक्टरला विचारा, ‘परतीची शेवटची गाडी कितीला?’ कुठल्याही कागदापेक्षा हे उत्तर खात्रीचं.

आता माझी सर्वांत आवडती वाट : भिवपुरी ते नेरळ, गार्बेट पठार आणि माथेरानवरून. ठाण्याला इंडिकेटरवर ‘एस’ दिसली की ती कर्जत लोकल (‘एन’ म्हणजे कसारा, घाईत चुकतं हो!). नेरळच्या पुढचं स्टेशन भिवपुरी रोड. पश्चिमेला, माथेरानच्या बाजूला बाहेर पडा. पाली-भूतिवली धरणाची वाट विचारत निघा आणि धरणाच्या कडेने डोंगराकडे सरका. पुढे चढ लागतो. सागाची वाडी आली की थांबा, पाणी भरून घ्या आणि पुढची वाट गावातल्या कुणाला तरी विचाराच. गुरांच्या वाटा इतक्या फुटलेल्या असतात की मोबाइलच्या नकाशावर फार भिस्त ठेवू नये. वाडीतून वर आलं की गार्बेटचं मोकळं पठार. पावसाळा सरता सरता इथे गवत आणि रानफुलं असतात, खाली धरणाचं पाणी चमकतं. घाई करू नका, डबा इथेच उघडा.

पठारावरून गार्बेट पॉइंटचा शेवटचा चढ दम काढतो. वर पोचलात की माथेरानची सावली आणि लाल माती. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 साली खालच्या चौक गावाकडून हा डोंगर चढून आले आणि माथेरानचं नाव झालं. तेही पायीच आले होते! आजही पर्यटकांच्या गाड्या माथेरानच्या वेशीवरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत. तिथे नगरपरिषदेचा प्रवेशकर असतो, सुटे पैसे ठेवा. दस्तुरीहून नेरळला शेअर टॅक्सी मिळते. 1907 पासूनची मिनी ट्रेनही आहे, पण पावसाळ्यात ती नेरळपर्यंत धावत नाही आणि एरवीही तिच्या वेळा आपल्या सोयीच्या असतीलच असं नाही. आमचा वेग बेताचा, म्हणून भिवपुरी स्टेशन ते दस्तुरी सहा तास धरतो. भर पावसात, ओढे फुगलेले असताना ही वाट नको. जिल्हाधिकारी धबधब्यांवर बंदीचे आदेश काढतात, तेही निघण्याआधी पाहा.

इतकं चालायचं नसेल तर कर्नाळ्याचा किल्ला आणि पक्षी अभयारण्य. ट्रान्सहार्बरने पनवेल, तिथून एसटी स्टँड गाठून पेणकडे जाणारी गाडी. कंडक्टरला आधीच ‘अभयारण्याला उतरायचंय’ सांगून ठेवा, सगळ्या गाड्या तिथे थांबत नाहीत. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांना तर फुकट. किल्ल्यावरच्या अंगठ्यासारख्या सुळक्यापाशी मधमाश्यांची पोळी असतात. तिथे आरडाओरडा, अत्तर आणि धूर तिन्ही वर्ज्य. परतताना महामार्ग ओलांडायचा असतो, तो जपून.

लहान मुलं किंवा गुडघे कुरकुरणारी मंडळी सोबत असतील तर अंबरनाथ स्टेशनपासून 1060 सालच्या शिवमंदिरापर्यंत चालत जा. नाहीतर हिवाळ्यात ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघा. बोटीची वेळ भरतीवर ठरते, चौकशी करूनच निघा. येऊरला टीएमटीची (ठाणे पालिकेची) बस जाते, पण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे आणि तिथे बिबटे आहेत. अंधार पडायच्या आत परता.

पाठीवर माणशी दोन-तीन लिटर पाणी, चपाती-भाजी, टॉर्च आणि दहा-वीसच्या नोटा. वाडीतल्या मावशींनी लिंबू सरबत दिलं तर ‘ऑनलाइन करू का?’ विचारायची वेळ येऊ नये, डोंगरात रेंज असेलच असं नाही.

संध्याकाळी नेरळहून ठाण्याकडे येणाऱ्या लोकलमध्ये बहुधा खिडकी मिळते. चढण्याआधी फलाटावर बूट चांगले आपटून घ्या. समोरच्या सीटवर कुणीतरी इस्त्रीच्या कपड्यांत लग्नाला निघालेलं असतं.