पगारपत्रकावरची पीएफची ओळ: डबघाईला आलेल्या कंपनीत नवीन असाल तर

पगार दोन दिवस लांबला की कुजबुज सुरू होते. चार दिवस लांबला की एचआरच्या केबिनबाहेर माणसं जमतात. पण कंपनीतला पैसा आटायला लागला की पहिली कात्री जिथे लागते, तिथे कुणी उभंच नसतं. ती जागा म्हणजे तुमचा पीएफ. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीत पहिली-दुसरी नोकरी करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. बाकी सगळं विसरलात तरी एवढं विसरू नका: पगारातून कापलं म्हणजे खात्यात भरलं असं होत नाही.

पीएफच का, ते आधी बघा. पत्र्याच्या व्यापाऱ्यानं उधारी बंद केली की कॉइल रोखीनं आणावी लागते, नाहीतर पत्रा दाबणारं प्रेस मशीन थांबतं. वीजबिल थकलं की महावितरण लाइन तोडतं. बँकेचा हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांच्या यादीत, जातं. पगार थकला की दुसऱ्या दिवशी लाइनवर माणसं येत नाहीत. पीएफ थकला तर मात्र त्या महिन्यात काहीच होत नाही. व्याज आणि दंड पडतो, पण तो पुढे कधीतरी. म्हणून नादारीच्या वाटेवरचं व्यवस्थापन तुमच्याच पैशातून बिनबोभाट उधारी काढतं. ही चलाखी नव्हे, ही चोरीच आहे. कर्मचाऱ्याच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी विश्वासघात आहे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

आकडे बघा. पीएफ १५,००० रुपये मूळ पगारावर कापला जात असेल तर तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये. तेवढेच कंपनीचे, त्यातले १,२५० पेन्शन योजनेत आणि ५५० पीएफमध्ये. म्हणजे महिन्याला ३,६०० रुपये. आठ महिने भरणा झाला नाही तर २८,८००, शिवाय त्यावरचं व्याज. पेन्शनसाठी लागणाऱ्या १० वर्षांच्या सेवेच्या नोंदीत खिंडार पडतं ते वेगळंच.

आता फसगत कुठे होते ते. पगारपत्रकावर दर महिन्याला ‘ईपीएफ १,८००’ छापून येतं. ती ओळ कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरमधून येते, ईपीएफओ या पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडून नाही. सॉफ्टवेअरला भरणा झाला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं. खरं काय ते फक्त पासबुकात दिसतं. यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) सुरू करून उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या पासबुकाच्या साइटवर ते उघडा. तिथेही नवखा माणूस चुकतो: मार्चच्या पगाराचा भरणा एप्रिलच्या देय महिन्याच्या नावानं दिसतो. त्यामुळे एक महिना पुढेमागे वाटला तर घाबरू नका, ‘वेतन महिना’ हा रकाना वाचा. भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची १५. नोंद दिसायला थोडे दिवस लागू शकतात, म्हणून दर महिन्याच्या २५ तारखेला पासबुक बघायची सवय लावा. पगारपत्रक आणि पासबुक शेजारी ठेवून महिन्याला महिना, रकमेला रक्कम जुळवा. एकूण शिल्लक बघून समाधान मानू नका. जुन्या जमेमुळे शिल्लक भरपूर दिसते आणि मधले तीन महिने गायब असलेले लक्षातही येत नाहीत.

दुसरी तपासणी बहुतेकांना माहीतच नसते. ईपीएफओच्या संकेतस्थळावर ‘एस्टॅब्लिशमेंट सर्च’ आहे, त्याला तुमचा यूएएन लागत नाही. कंपनीचं नाव किंवा पीएफ कोड टाकला की भरण्याचा तपशील उघडतो: कोणत्या महिन्याचा, कोणत्या तारखेला, किती रुपये, किती कर्मचाऱ्यांसाठी. माणसांचा आकडा नीट बघा. शॉप फ्लोअरवर २०० जण आणि भरणा १२० जणांचा, असं दिसलं तर कुणाचा भरायचा आणि कुणाचा नाही हे कुणीतरी ठरवतंय. नोकरी पकडण्याआधीसुद्धा हे पाहता येतं. मुलाखतीला जायच्या आदल्या रात्री पाच मिनिटं लागतात.

विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘पोर्टल अपडेट झालेलं नाही.’ आठवडाभराच्या उशिरासाठी हे खरं असू शकतं, तीन महिन्यांसाठी नाही. मग म्हणा, ‘चलनाचा टीआरआरएन क्रमांक द्या.’ पैसे भरले असतील तर तो अकाउंट्समध्ये असतोच. याला एक अपवाद आहे: काही मोठ्या कंपन्यांचा स्वतःचा पीएफ ट्रस्ट असतो. तिथे पासबुकात पीएफची रक्कम दिसत नाही, ट्रस्टची वार्षिक पावती मागावी लागते. उगाच आरोप करण्याआधी हे विचारून घ्या.

दोन महिने सलग गायब असतील तर आधी एचआरला ईमेल करा. तोंडी नको, व्हॉट्सॲपही नको. त्यात महिने आणि रकमा लिहा. पंधरा दिवसांत काही हललं नाही तर ईपीएफआयजीएमएस या तक्रार पोर्टलवर यूएएन टाकून तक्रार नोंदवा. पगारपत्रकं, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि पासबुक जोडा. नोंदणी क्रमांक जपून ठेवा. दर महिन्याच्या २७ तारखेच्या आसपास जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ शिबिर होतं, तिथे समोरासमोर बोलता येतं. पीएफ कार्यालय चौकशी लावू शकतं, कंपनीचं बँक खातं गोठवू शकतं. तक्रारीतलं तुमचं नाव कंपनीपर्यंत पोचणार नाही असं मात्र धरून चालू नका. म्हणून एकट्यानं करण्यापेक्षा सात-आठ जणांनी एकाच आठवड्यात तक्रारी टाकाव्यात. हे पैसे सहसा बुडत नाहीत, उशिरा का होईना मिळण्याची शक्यता असते. कंपनी दिवाळखोरीत गेली तरी पीएफ आणि ग्रॅच्युइटीची देणी विकायच्या मालमत्तेतून बाजूला ठेवावी लागतात. घाबरायचं कारण नाही, गप्प बसायचंही नाही.

पीएफसारखंच इतर कपातींचं. टीडीएस, म्हणजे पगारातून आयकर, कापला जात असेल तर दर तिमाहीनंतर आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तपशील (२६एएस) बघा. कापलेला कर कंपनीनं भरला नाही तर तो पुन्हा तुमच्याकडून मागता येत नाही, आयकर कायदा तेच सांगतो. पण ते दाखवायला पगारपत्रक तुमच्या हातात हवं. ईएसआय (कामगार राज्य विमा) असेल तर तुमचे ०.७५ आणि कंपनीचे ३.२५ टक्के भरले जातात का ते घरी आजारपण येण्याआधी पाहा. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कामगार पतसंस्थेचा हप्ता. पगारातून कापला पण संस्थेत पोचला नाही, तर थकबाकीदार म्हणून नाव तुमचं लागतं आणि जामीनदार म्हणून शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं. संस्थेत जाऊन खातेउतारा काढून आणा.

फ्लोअरवरच्या खुणांबद्दल थोडक्यात. पंधरा दिवसांची कॉइल असायची तिथे रोज छोट्या टेम्पोतून एक दिवसाची येते. डायची (साच्यांची) देखभाल पुढे ढकलली जाते, रिजेक्शन वाढतं, मग ग्राहकाची लाइन थांबू नये म्हणून दुप्पट भाड्याची गाडी रात्री सुटते. प्रोडक्शन मीटिंग दिवसातून तीनदा होते आणि तिन्हींत तोच प्रश्न: आकडा किती? कारण विचारणारा कुणी नसतो. अकाउंट्समधली दोन माणसं एका तिमाहीत सोडून गेली, तर बाकीच्या खुणा शोधू नका. पैशाची अवस्था सगळ्यात आधी त्यांना कळते.

अशा वेळी सीनियरचा सल्ला ठरलेला: ‘थांब रे, गुंतवणूकदार येतोय.’ सीनियर वाईट नसतात. पण त्यांचं घरकर्ज, मुलांची शाळा, वीस वर्षांची ग्रॅच्युइटी तिथे अडकलेली असते आणि सल्ला तिथून येतो. स्वतःचं पासबुक न पाहणाऱ्या माणसाचा नोकरीबद्दलचा सल्ला घेऊ नये, हे माझं ठाम मत आहे. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ ला थांबली. गुंतवणूकदार ठरला, योजना मंजूर झाली, तरी ७ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाला कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून बंद करण्याचा, आदेश द्यावा लागला. साडेपाच वर्षं गेली. पीएफ-ग्रॅच्युइटीसाठीही कर्मचाऱ्यांना न्यायाधिकरणापर्यंत भांडावं लागलं.

राजीनाम्याबाबत सावध राहा. कंपनीला माणसं कमी करायची असली की ‘तूच राजीनामा दे, रेकॉर्ड चांगलं राहील’ असं सांगतात. तुम्ही कामगार या व्याख्येत बसत असाल आणि वर्ष पूर्ण झालं असेल, तर कंपनीनं काढल्यास एक महिन्याची नोटीस आणि दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई मिळते. स्वतःहून राजीनामा दिला की ती गेली. पदनाम ‘इंजिनियर’ असलं तरी प्रत्यक्ष काम काय करता यावर व्याख्या ठरते, म्हणून सही करण्याआधी कामगार वकिलाला एकदा विचारा. मागच्या तारखेच्या कागदावर, कोऱ्या कागदावर, किंवा पैसे मिळण्याआधी ‘काही येणं बाकी नाही’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. स्वतःच सोडणार असाल तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू असलेल्या वेतन संहितेप्रमाणे शेवटचं वेतन दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवं. ‘पंचेचाळीस दिवस थांबा’ हे कंपनीचं धोरण असेल, कायदा नाही.

कागदपत्रं आजच घरी न्या: नेमणूकपत्र, सगळी पगारपत्रकं, हजेरीच्या नोंदी, पगारवाढीची पत्रं. ईमेल एका सकाळी बंद होतो. पण ग्राहकाची ड्रॉइंग किंवा दरपत्रकं अजिबात उचलू नका, एवढ्यावरून कंपनी तुमच्यावरच केस करू शकते.

कंपनी दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात) गेली तर जाहीर सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात येते. त्यात दाव्याची शेवटची तारीख छापलेली असते. कर्मचाऱ्यांचा दावा ‘फॉर्म डी’मध्ये भरायचा. कंपनी अवसायनात गेली तर आधीच्या २४ महिन्यांचा थकीत पगार कामगारांना तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीनं मिळतो. इतर कर्मचाऱ्यांना १२ महिन्यांचाच, आणि तोही त्यांच्यानंतर. बिनपगारी किती थांबायचं याचा विचार करताना हा फरक डोळ्यासमोर ठेवा.

सोडल्यावर पासबुक पुन्हा उघडा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः भरता येते. कंपनीनं भरणा मध्येच थांबवला असेल तर शेवटचा भरलेला महिना आणि तुमचा शेवटचा कामाचा महिना वेगळे निघतील. पोर्टल सहसा शेवटच्या भरण्याच्या महिन्यातलीच तारीख घेतं, म्हणून खरा शेवटचा दिवस आणि मधले महिने त्याच तक्रारीत जोडा.