स्नोबोर्डचं मेण: लावायचं थोडं, काढायचं जवळपास सगळं

डेन्व्हरजवळ राहायला आल्यावर मी छत्तिसाव्या वर्षी स्नोबोर्डिंग शिकले. बोर्डला मेण लावावं लागतं, हे पहिले दोन हिवाळे माझ्या गावीही नव्हतं. मग मार्चमधल्या एका दुपारी लव्हलँडच्या स्की-रिसॉर्टला, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टकडे येणाऱ्या सपाट पट्ट्यावर, ओल्या बर्फात बोर्ड जो चिकटला तो हलेना. सात-आठ वर्षांची पोरं बाजूनं सुळकन निघून गेली आणि मी एक पाय सोडवून ढकलत ढकलत लिफ्ट गाठली. तेव्हापासून हे काम मी घरीच करते.

बोर्ड खरं तर पाण्यावर घसरतो. घर्षणानं बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो, त्यावर. पाणी जास्त झालं की दोन ओल्या काचा एकमेकींना धरतात तसा बर्फ बेसला, म्हणजे बोर्डच्या तळाला, धरून ठेवतो. मेण ते पाणी झटकतं. कॅरमवर बोरिक पावडर टाकतो तसंच हे, असं मला आधी वाटायचं. पण पावडर वर राहते, मेण आत जायला हवं. सिंटर्ड बेस, म्हणजे पॉलिइथिलिनची भुकटी दाबून केलेला, मेण पितो. स्वस्त बोर्डांचा एक्स्ट्रुडेड बेस फारसा पीत नाही, म्हणून त्याच्यावर जास्त मेण ओतून उपयोग नाही.

आदल्या रात्रीच बोर्ड घरात आणून ठेवा. गार बोर्ड मेण घेत नाही. बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचे पट्टे, काढा, त्यासाठी ३ नंबरचा स्टार स्क्रूड्रायव्हर लागतो, लहान वापरलात तर स्क्रूचं डोकं झिजतं. मी दोन स्टुलांवर जुन्या योगा मॅटचे तुकडे टाकून बोर्ड उलटा ठेवते, खाली वर्तमानपत्रं. गराजचं दार थोडं उघडं असू द्या.

बेस मळला असेल तर मऊ, उबेच्या हवेचं मेण लावून ते गरम असतानाच खरवडा. राखाडी घाण त्याच्याबरोबर निघून येते. खडकाचा ओरखडा असेल तर पी-टेक्सची, म्हणजे बेससारख्याच प्लॅस्टिकची, कांडी पेटवून थेंब भरायचे. कांडी पृष्ठभागाच्या अगदी जवळ धरा आणि ज्योत छोटी, निळसर ठेवा, नाहीतर काजळी पडते. आतलं लाकूड दिसत असेल, तर मात्र मुकाट दुकानात जा.

आता इस्त्री. मी सुरुवातीला कपड्यांची जुनी इस्त्री वापरली आणि पस्तावले. वाफेच्या भोकांत मेण अडकतं, शिवाय तिचं तापमान खालीवर होत राहतं. त्यात दाराची बेल वाजली आणि मी इस्त्री बोर्डवर क्षणभर तशीच सोडली. तिथे आजही एक चकचकीत डाग आहे, जो मेणाचा थेंबही पीत नाही. बेसचं पॉलिइथिलिन साधारण १३० ते १३५ अंश सेल्सिअसला वितळतं. साध्या मेणाला इस्त्री १२०च्या आसपास पुरते. मेणाच्या पाकिटावर आकडा असतो, तो पाळा. धूर आला की इस्त्री जास्त तापली आहे.

मेणाची वडी इस्त्रीला टेकवून बोर्डवर नागमोडी थेंब पाडा. मेण वाचवायचं असेल तर वडी इस्त्रीला क्षणभर लावा आणि खडूसारखी बेसवर घासा. मग नाकाकडून शेपटीकडे इस्त्री सावकाश, पण न थांबता फिरवा. मागे पाच-सात सेंटिमीटर ओली रेघ राहिली तर वेग बरोबर. बोर्डची पाय ठेवायची बाजू, जी आता खाली आहे, ती कोमट लागावी. हात ठेवता आला नाही तर थांबा.

आता चहा करा. किमान अर्धा तास बोर्डला हात लावायचा नाही, आणि लवकर गार व्हावा म्हणून बाहेर बर्फातही ठेवायचा नाही. मी बहुतेकदा रात्रभर तसाच ठेवते.

खरवडायला प्लॅस्टिकची पट्टीच हवी. आधी एजवरचं, म्हणजे कडेच्या धातूच्या पट्टीवरचं, मेण काढा, मग नाकाकडून शेपटीकडे लांब हात मारा. ओल्या नारळाच्या किसासारखे पांढरे भुगे पडतात. काही निघेनासं झालं की नायलॉनच्या ब्रशनं दहा-बारा वेळा घासा. बेसवर बारीक रेषा कोरलेल्या असतात, पाणी त्यांतून वाहून जातं. त्या मेणानं बुजल्या तर सगळी मेहनत वाया. बोर्डवर डोळ्यांना दिसणारं मेण हे फक्त ओझं असतं. (भुगे लगेच झाडा. गराजच्या फरशीवर ते पडून राहिले आणि माझा नवरा धान्याची पिशवी घेऊन घसरला.)

बहुतेक कंपन्यांत निळं मेण कडक थंडीचं, लाल मधल्या हवेचं, पिवळं उबेचं. हवेपेक्षा बर्फाचं तापमान पाहायचं. रोज कोण मोजणार? मी सगळ्या हवेला चालणारं एकच घेते, फक्त मार्च-एप्रिलला पिवळं. जुन्या सामानाच्या विक्रीत फ्लोरोचं, म्हणजे फ्लोरिनची रसायनं घातलेलं, मेण स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका. तसलं मेण एफआयएसनं (आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं) २०२३-२४च्या मोसमापासून स्पर्धांत बंद केलंय, आणि त्याचा धूर घरात नकोच.

तीन-चार दिवस बोर्ड चालवला, किंवा एजजवळ बेस पांढुरका दिसला, की पुन्हा लावा. मोसम संपला की जाड थर द्या, एज झाकले जातील असा, आणि खरवडू नका. गंज धरत नाही. ऑक्टोबरमध्ये तो थर काढायचा, आणि बाइंडिंगचे स्क्रू कुठल्या डब्यात टाकले होते ते शोधत बसायचं.