लिंटेल टाकताना या चुका टाळा

स्लॅबच्या दिवशी साइटवर सगळे हजर असतात. मालक नारळ घेऊन येतो, इंजिनिअर सकाळपासून उभा असतो, मजुरांच्या जेवणाची सोय असते. लिंटेलच्या, म्हणजे दार-खिडकीवरच्या काँक्रीटच्या आडव्या पट्टीच्या दिवशी मात्र कोणी फिरकत नाही. बरेचदा तो दिवसही ठरलेला नसतो. दुपारपर्यंत विटांची जुडाई चालते, चारच्या सुमारास मिस्त्री म्हणतो, "भाऊ, माल उरला आहे, दोन खिडक्यांवरचे लिंटेल टाकून घेतो." दुसऱ्या दिवशी मालक येतो तेव्हा सळाख काँक्रीटच्या पोटात गेलेली असते. नागपूरच्या मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या भागांत घरांच्या साइट पाहताना खिडकीवर तडा दिसला की मी आधी एकच प्रश्न विचारतो: हे लिंटेल टाकताना उभं कोण होतं?

तपासणी काँक्रीट ओतण्याआधी करायची असते. टेप आणि ड्रॉइंग हातात असेल तर एका खिडकीला दहा मिनिटं पुरतात. स्लॅबच्या मानाने लिंटेलला माल थोडाच लागतो, म्हणून ते कमी महत्त्वाचं समजलं जातं. मिस्त्रीला साफ सांगा की मी पाहिल्याशिवाय काँक्रीट टाकायचं नाही. त्याला राग येत नाही, उलट तोही सावध होतो.

बेअरिंग

लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान ६ इंच, म्हणजे १५० मिमी टेकलं पाहिजे. खिडकी मोठी असेल तर मी ९ इंच मागतो. इथली चूक बहुतेक वेळा मिस्त्रीची नसते. मालक ऐनवेळी म्हणतो, खिडकी थोडी मोठी करा. ४ फुटांची खिडकी साडेचार फुटांची होते, पण सळाख आधीच ५ फुटांच्या मापात कापून, भोवती रिंगा (सळाखी एकत्र धरणाऱ्या कड्या) बांधून तयार असते. मग दोन्ही टोकांना ६ इंचांऐवजी ३ इंच उरतात. पुढे त्या टोकाखालच्या विटेवर दाब येतो आणि कोपऱ्यातून तिरपा तडा निघतो. माप बदललं तर जाळी नव्याने बांधा, जुनी वापरू नका.

खिडकी कॉलमला लागून असेल तर तिकडे टेकायला भिंतच नसते. कॉलम टाकतानाच लिंटेलच्या उंचीवर सळाखी बाहेर काढून ठेवलेल्या असाव्यात. त्या राहून गेल्या तर कॉलमला दोन इंचांचं भोक पाडून नुसती सळाख ठोकून देणारे मी पाहिले आहेत. तसली सळाख काही धरत नाही. इंजिनिअरने सांगितलेल्या खोलीचं भोक, ते फुंकून आणि ब्रशने साफ करणं, आणि केमिकल अँकर (भोकात सळाख घट्ट चिकटवणारं रसायन), एवढं हवंच.

सळाख खाली की वर

लिंटेल दोन्ही टोकांना टेकलेलं असतं आणि मधे वाकू पाहतं. म्हणून ताण खालच्या बाजूला येतो आणि मुख्य सळाख खालीच लागते. साध्या खिडकीवर खाली १० किंवा १२ मिमीच्या दोन-तीन सळाखी, वर दोन, आणि ६-६ इंचांवर रिंगा, असं साधारण असतं; नेमकं काय ते ड्रॉइंग सांगेल. सळाखीची जाळी सेंट्रिंगच्या (काँक्रीट धरणाऱ्या साच्याच्या) प्लेटवर टेकलेली दिसली तर काम थांबवा. खाली २५ मिमीचे कव्हर ब्लॉक, म्हणजे सळाख प्लेटपासून वर धरणारे ठोकळे हवेत. विटेचा तुकडा किंवा गिट्टी ठेवून भागत नाही. वीट पाणी शोषते आणि तिथूनच सळाखीला गंज सुरू होतो.

छज्जाचं गणित उलटं आहे. तो एकाच बाजूने धरलेला असतो, त्यामुळे ताण वरच्या बाजूला येतो आणि सळाखही वरच लागते. ही गोष्ट बहुतेक मिस्त्र्यांना ठाऊक असते. घोळ होतो तो काँक्रीट टाकताना. मानेवाड्याकडच्या एका साइटवर सकाळी मी स्वतः जाळी पाहिली होती, एकदम बरोबर होती. दुपारी काँक्रीट चालू असताना पुन्हा गेलो, तर घमेलं घेऊन एक मुलगा छज्जाच्या जाळीवरच उभा होता. ओल्या काँक्रीटमध्ये हात घालून चाचपलं तर सळाख तळाला, प्लेटपासून जेमतेम इंचभर वर. चार इंच जाडीच्या छज्जात ती सळाख असून नसल्यासारखी झाली होती. सगळं काँक्रीट घमेल्याने उपसून काढलं, सळाखीच्या तुकड्यांचे चेअर वाकवून खाली ठेवले, उभं राहायला आडवी फळी टाकली आणि पुन्हा भरलं. अर्धा तास गेला. तो छज्जा सेंट्रिंग काढताना खाली आला असता, आणि सेंट्रिंग काढणारा माणूस नेमका त्याच्याच खाली उभा असतो.

छज्जाची सळाख लिंटेलच्या रिंगांच्या आत जाऊन खाली वळलेली आहे ना, हेही पाहा. नुसती वरून टेकवून तारेने बांधलेली चालत नाही.

आतल्या दारांसाठी जमिनीवर ओतून ठेवलेली लिंटेलं वापरत असाल तर आणखी एक धोका आहे. सळाख एकाच बाजूला असते आणि चढवताना लिंटेल उलटं बसतं. खडूची खूण पाण्याने जाते. काँक्रीट ओलं असतानाच वरच्या बाजूला थापीने फुली कोरून ठेवा.

माल आणि पाणी

एम २० या दर्जाच्या काँक्रीटचा नॉमिनल मिक्स (ठरलेलं प्रमाण) म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याला दीड फर्मा रेती आणि तीन फर्मे गिट्टी. फर्मा म्हणजे मापाची पेटी, ३५ लिटरची. पाणी एका पोत्याला जास्तीत जास्त ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या. रेती ओली असेल तर त्याहून कमी. प्रत्यक्षात पाइप सुरू असतो आणि "जरा पातळ पाहिजे, आत जात नाही" असं उत्तर मिळतं. माल आत जात नसेल तर सळाखीने कोचा, बाजूची प्लेट हातोडीने ठोका, बारीक नीडलचा व्हायब्रेटर लावा. उरलेला जुडाईचा मसाला लिंटेलमध्ये भरणं तर सर्रास चालतं. त्यात गिट्टी नसते, ते काँक्रीटच नाही.

एका मजल्याची सगळी लिंटेलं मिळून घनमीटरभर काँक्रीट होतं, म्हणून ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) कोणी भरत नाही. निदान मोठ्या खिडक्यांच्या दिवशी १५० मिमीचे तीन क्यूब भरून घ्या आणि २८ दिवसांनी लॅबमध्ये तपासून घ्या.

आता आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो, नवतप्याच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर वारासुद्धा भाजतो. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येतं. लिंटेल ९ इंच रुंद. त्यावर पाणी थांबतच नाही, आणि बाजूच्या प्लेटा काढल्या की तीन बाजूंनी ते उघडं पडतं. वरून सकाळी-संध्याकाळी पाइप फिरवला तर मधल्या दहा तासांत ते कोरडंठक्क होतं. पोती गुंडाळून, तारेने बांधून, दिवसातून चार-पाच वेळा भिजवा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट सतत ओलं हवं. राख मिसळलेलं पीपीसी सिमेंट असेल तर १४ दिवस धरा. उन्हाळ्यात लिंटेल सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर टाका, आणि त्याआधी खालच्या विटा व प्लेटा भिजवा. तापलेली फ्लाय अॅशची वीट काँक्रीटमधलं पाणी बघताबघता ओढून घेते.

सेंट्रिंग काढण्याची घाई

बाजूच्या प्लेटा दुसऱ्या दिवशी काढल्या तरी चालतात. खालचे टेकू १४ दिवस हलवायचे नाहीत. प्लेटा भाड्याच्या असतात, म्हणून तिसऱ्याच दिवशी काढायची घाई होते. छज्जाला तर १४ दिवसही पुरत नाहीत, जोवर लिंटेलवर भिंत चढत नाही. भिंतीचं वजनच मागून छज्जाला दाबून धरतं. वर दोनच थर असताना टेकू काढले, तर लिंटेल छज्जासकट पुढे कलंडू शकतं.

तडा दिसला तर

लिंटेलच्या मध्यावर खालून वर जाणारा उभा तडा असेल तर सळाख कमी पडली, वर सरकली किंवा टेकू लवकर निघाले. दार वरून अडकू लागलं असेल तर याच दिशेने शोधा. सळाखीच्या रेषेत तांबूस डाग आणि आडवा तडा म्हणजे कव्हर नाही. भिंत आणि लिंटेलच्या सांध्यावर केसासारखी आडवी रेघ असेल तर ती बहुधा प्लास्टरची आहे. तिथे तारेची जाळी मारून प्लास्टर केलं असतं तर आली नसती.

प्लेट काढल्यावर भोकं-भोकं पडलेलं, जाळीदार काँक्रीट दिसलं तर त्यावर लगेच प्लास्टर चढवू देऊ नका. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठवर येतो ते पाहा. सैल भाग फोडा, धुवा, ओला करा आणि पॉलिमर मसाल्याने भरा. सळाख चारही बाजूंनी उघडी दिसत असेल तर इंजिनिअरला बोलवा.

कोपऱ्यातून निघणारा तिरपा तडा सर्वांत फसवा. तो अपुऱ्या बेअरिंगचा असतो, तसाच आपल्या काळ्या मातीत हललेल्या पायव्याचाही असू शकतो. ही माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, रुंदीही लिहून ठेवा. पावसाळ्यात तो मिटत आला आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा उघडला, तर लिंटेल फोडू नका, आधी पाया पाहून घ्या.