सुबाभूळ काढायचीय? आधी कागद, मग कुऱ्हाड

पावसाळा सरला की मला फोन सुरू होतात. "अहो, कंपाउंडला लागून सुबाभळीचं रान माजलंय. तोडून टाकली तर चालेल ना? परदेशी झाड आहे, त्याला कोण विचारतंय?" महापालिका विचारते. आणि पंचनामा करताना झाड मेक्सिकोचं की मावळातलं, याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं.

सुबाभूळ, गिरिपुष्प, घाणेरी ही मंडळी बाहेरची आहेत आणि इथल्या झाडोऱ्याला जगू देत नाहीत, हे मला मान्य आहे. गेली कित्येक वर्षं मी ती काढण्याच्याच मागे आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात चारा आणि सरपण म्हणून सुबाभूळ आपणच हौसेनं लावली. पण 'परदेशी झाडाला परवानगी लागत नाही' हा सल्ला ज्यानं पहिल्यांदा पसरवला, त्यानं स्वतः एकही अर्ज भरलेला नसणार.

शहरात लागू होतो तो महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यात झाड म्हणजे कुठलीही बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती, अगदी रोपावस्थेतलीसुद्धा; जमिनीपासून फांद्या फुटणारी झुडपंही त्यात आली. देशी-परदेशी असा भेद या व्याख्येत नाही. झाड तुमच्या मालकीच्या जागेत असलं तरी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही.

"पण वन्यजीव कायद्यात आता आक्रमक प्रजाती आल्यात ना?" आल्यात. २०२२च्या दुरुस्तीनं १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात परकीय आक्रमक प्रजातींची व्याख्या घातली आणि कलम ६२-अ आणलं. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्या कलमानं केंद्र सरकारला अशा प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणं आणि प्रसार यांवर बंधनं घालण्याचा अधिकार मिळाला. तुमच्या हातात कोयता त्यानं दिलेला नाही.

जागा कुणाची

सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. शहरातल्या टेकड्यांवर तर एकाच उतारावर वरचा पट्टा वनखात्याचा, मधला महापालिकेचा आणि खालचा खासगी असं असतं, आणि सुबाभूळ तिन्हींत सारखीच उगवते. वनखात्याच्या हद्दीत श्रमदानाच्या उत्साहात एक फांदीही तोडू नका. तिथं वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याला पत्र द्यायचं आणि ते म्हणतील तेव्हा, त्यांच्या माणसासोबत काम करायचं. अभयारण्य असेल तर गोष्ट मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीपर्यंत जाते. ग्रामीण भागात १९६४चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस, मोह, हिरडा अशी झाडं आहेत, सुबाभूळ नाही. त्यामुळे शेताच्या बांधावरची सुबाभूळ आणि सोसायटीतली सुबाभूळ ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. गावाकडच्या भावानं बिनधास्त तोडली म्हणून तुम्ही शहरात तोडू नका. गोव्यात असाल तर १९८४चा तिथला स्वतंत्र कायदा वाचा, पुढचं सगळं तिथं जसंच्या तसं लागू होणार नाही.

मोजणी

प्रत्येक झाडाला चुन्यानं नंबर, छातीच्या उंचीला घेर, नंबर दिसेल असा फोटो. एवढंच. फक्त एक लक्षात ठेवा: सुबाभूळ एकदा छाटलेली असली की एकाच बुडातून चार-पाच खोडं उठतात. आम्ही पहिल्यांदा बुडं मोजली, ६१ भरली. पाहणीला आलेल्या साहेबांनी खोडं मोजली आणि ९४ लिहिली. तेव्हापासून मी बुडाला नंबर देतो आणि खोडांना ७-अ, ७-ब अशी अक्षरं. फोटोत बूड आणि माती दिसलीच पाहिजे, नाहीतर नंतर वाद घालायला हातात काही राहत नाही.

अर्ज

महापालिकेच्या उद्यान विभागात किंवा ऑनलाइन. मालकीचा पुरावा, जागेचा नकाशा, झाडांची यादी, फोटो, सोसायटी असेल तर ठराव. पाच वर्षं किंवा त्याहून जास्त वयाची २०० किंवा अधिक झाडं असतील, तर प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे जातो. त्यातून सुटायला ३०० झाडांचे दोन अर्ज करण्याची आयडिया कुणी सुचवली तर ऐकू नका, कुणाच्या तरी लक्षात येतंच.

कारणाच्या रकान्यात काय लिहायचं? माझ्या पहिल्या अर्जाला मी अकरा पानांचं परिशिष्ट जोडलं होतं. जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत सुबाभूळ आहे, तीही त्यात होती. साहेबांनी पान उलटलं नाही. परवानगी नाकारता येणार नाही अशी जी कारणं कायद्यात आहेत, ती म्हणजे झाड मेलेलं, रोगट, वाऱ्यानं पडलेलं, जीविताला किंवा मालमत्तेला धोकादायक, वाहतुकीला अडथळा वगैरे. 'आक्रमक आहे' हे त्यात नाही. म्हणजे तुमचा अर्ज अधिकाऱ्याच्या विवेकावर चालतो, आणि विवेकाला मोठं व्याख्यान नको असतं, यादी हवी असते: कोणतं झाड भिंत फोडतंय, कोणतं पोकळ आहे, कोणतं निव्वळ आक्रमक आहे, आणि प्रत्येकाच्या जागी काय लावणार. सरसकट सगळ्यांपुढे 'धोकादायक' मात्र लिहू नका. पाहणीत एक खोटं सापडलं की उरलेली साठही संशयित होतात.

वय: इथंच माझं घोडं अडलं होतं

२०२१च्या दुरुस्तीपासून एक झाड काढायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात. रोपं सहा ते आठ फुटी हवीत, त्यांचं जिओ-टॅगिंग (फोटोसोबत नेमक्या जागेची नोंद) व्हायला हवं आणि सात वर्षं ती जगवायची. त्यातून पन्नाशी गाठलेलं झाड थेट 'हेरिटेज' ठरतं. नियम चांगला आहे. वडाला, चिंचेला तो हवाच होता. पण तो सुबाभळीलाही तसाच लागतो, आणि सुबाभूळ कशी वाढते हे ज्याला माहीत नाही तो घेर बघून तिचं वय सागाच्या हिशेबानं लावतो.

आमच्याकडं तेच झालं. ७० ते ७५ सेंटिमीटर घेराच्या झाडांपुढं साहेबांनी '२५ वर्षे' लिहिलं. चांगल्या जागेत सुबाभळीचं खोड वर्षाला दोन-तीन सेंटिमीटर व्यासानं सहज जाडावतं. ७५ घेर म्हणजे जेमतेम २४ सेंटिमीटर व्यास, म्हणजे आठेक वर्षं. आता गुणाकार करा. ६१ झाडं गुणिले २५ म्हणजे १,५२५ रोपं. गुणिले ८ केलं तर ४८८. आमचा प्लॉट पाऊण एकराचा. पंधराशे आठफुटी रोपं तिथं उभी करायची तर माणसांना बाहेर काढावं लागलं असतं. मी तावातावानं वनस्पतिशास्त्र सांगायला लागलो, आणि फाइल चार महिने हलली नाही. चूक माझीच. शास्त्र बरोबर होतं, पण अधिकाऱ्याला फाइलला लावायला कागद लागतो आणि मी नुसतं बोलत होतो.

सुटलो ते उपग्रहाच्या जुन्या चित्रांमुळे. गूगल अर्थ कॉम्प्युटरवर उघडा, वरचं घड्याळाचं चिन्ह दाबा, आपल्या प्लॉटची मागची वर्षं एकेक करून बघा. आमच्या जागेवर दहा वर्षांपूर्वी निव्वळ गवत आणि कोपऱ्यात एक कडुनिंब. पुढच्या एका उन्हाळ्याच्या चित्रात हिरवे ठिपके. त्या चित्रांच्या तारखेसह रंगीत प्रती काढल्या, प्लॉटची हद्द लाल पेनानं आखली, आणि निव्वळ गवत दिसणाऱ्या प्रत्येक पानाखाली एकच ओळ: 'या तारखेस झाड क्र. १ ते ६१ अस्तित्वात नाहीत.' सोबत मागच्या वर्षी वादळात पडलेल्या एका सुबाभळीच्या ओंडक्याची चकती नेली. साहेबांनी ती टेबलावर ठेवून खालीवर केली, हसले, आणि पुन्हा पाहणी लावली. वय '८ ते १०' झालं.

म्हणून सांगतो, जुनी चित्रं अर्जाबरोबरच जोडा, वय लिहिलं जायच्या आधी. एकदा अहवालात आकडा पडला की तो खोडायला नवीन पाहणी लागते. आणि सगळी झाडं एका दमात मागू नका. शेंगा लगडलेली, ओढ्याच्या किंवा टेकडीच्या कडेची आधी घ्या. वीस-पंचवीस झाडं एका वर्षी. रोपं जगवणं झेपतं, आणि एकदम उघड्या पडलेल्या जमिनीत पहिल्या पावसाला सुबाभळीचंच बी वर येतं.

आदेश नीट वाचा

पाहणी झाली की झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहिरात येते, हरकती मागवतात. हरकत येईलच. शेजारच्या आजींना त्या सावलीत बसायची सवय असते. त्यांना आधी जाऊन भेटा, चहा प्या, काय लावणार ते दाखवा.

मग आदेश येतो, आणि आनंदाच्या भरात तो कुणी वाचत नाही. मीही वाचला नव्हता. आदेशात तीन प्रकारची भाषा असते: 'पूर्णतः काढणे', 'फांद्यांचा विस्तार कमी करणे' आणि 'पुनर्रोपण करणे'. आमच्या यादीतल्या चौदा सुबाभळींपुढं 'पुनर्रोपण' होतं. म्हणजे क्रेन लावून, मुळाशी मातीचा गोळा बांधून, आक्रमक झाड सन्मानानं दुसरीकडं नेऊन लावायचं! लेखी दुरुस्ती मागून घेतली, त्यात पाच आठवडे गेले. विस्तार कमी करण्याचा आदेश तर सुबाभळीच्या पथ्यावरच पडतो, एका खोडाची पाच होतात.

अर्जातच स्पष्ट लिहून मागा: 'बुडासकट काढणे, तसेच पुन्हा येणारे धुमारे व रोपे काढणे.' व्याख्येत रोपही झाडच आहे, हे विसरू नका. आदेश हातात पडल्यावरही १५ दिवस थांबावं लागतं. ठेकेदार म्हणेल, "काय होतंय साहेब, रविवारी उरकून टाकू." त्या ठेकेदाराला काम देऊ नका.

तोड

सकाळी आधी घरटी बघा. रानपक्ष्यांची घरटी-अंडी मोडणं वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येत बसतं, आणि झाड तोडायची परवानगी म्हणजे घरटं पाडायची परवानगी नव्हे. घरटं दिसलं तर ते झाड सोडा, पिल्लं उडाल्यावर या. आदेशाची प्रत प्लास्टिकमध्ये घालून ठेकेदाराच्या खिशात. कुणीतरी पोलिसांना फोन करणारच. बाकी करवतीचं काम करवतवाल्याला कळतं.

तोडल्यानंतर

नुसतं खोड कापून गेलात तर सहा महिन्यांत बुडावर झाडू उगवलेला दिसेल. बूड खणून काढा. खणता येत नसेल तर धुमारे बोटभर असतानाच दर पंधरवड्याला मोडत राहा, पहिलं वर्षभर. तणनाशकाचा सल्ला सर्रास मिळतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राच्या आदेशानं ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरपुरता ठेवला, तेव्हा दुकानातून बाटली आणून स्वतः ओतू नका. मी तर वापरतच नाही. पाऊस पडून दोन दिवस झाले की माती भुसभुशीत असते. वीतभर रोप तेव्हा दोन बोटांत धरून सरळ वर ओढलं की सोटमुळासकट येतं. आठवडा गेला की तेच रोप मधेच तुटतं आणि पुढच्या वेळी दोन शेंडे घेऊन उभं राहतं. जमिनीतलं बी कित्येक वर्षं टिकतं, तेव्हा ही उपटणी दर पावसाळ्यात धरून चाला.

आदेश, रोपांचे जिओ-टॅग फोटो आणि अनामत भरल्याची पावती एकाच फायलीत सात वर्षं ठेवा. सोसायटीचा सेक्रेटरी बदलताना ती फाइल सही घेऊनच नव्याच्या हाती द्या. आमची एकदा जुन्या सेक्रेटरीच्या माळ्यावर दिवाळीच्या आकाशकंदिलाखाली सापडली होती.