वापरलेल्या ईसीजी आणि टेन्स पॅडची विल्हेवाट कशी लावावी

गेल्या वर्षी वडिलांना रुग्णालयातून घरी आणले, तेव्हा पहिल्याच आंघोळीच्या वेळी त्यांच्या छातीवर ईसीजीचे, म्हणजे हृदयाच्या विद्युतलहरी टिपणारे, तीन इलेक्ट्रोड (चिकट पॅड) तसेच चिकटलेले आढळले. निघण्याच्या घाईत ते काढायचे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. कोमट पाण्याने भिजवून मी ते सोडवले आणि हातात घेऊन तसाच उभा राहिलो, कारण ते कोणत्या डब्यात टाकावेत हे रुग्णालयांतील मॉनिटरच्या देखभालीवर ज्याचे पोट चालते त्या मलाही चटकन सांगता येईना. ओला कचरा तो नव्हेच. सुका म्हणावा तर जेलने बरबटलेला. आणि मधले धातूचे बटण पाहिले की भंगाराची आठवण होते. त्यानंतर घरात वडिलांच्या पाठदुखीसाठी टेन्सचे, म्हणजे त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देऊन वेदना कमी करणारे, यंत्र आले, त्याची पॅड साठू लागली आणि या प्रश्नाचा नीट छडा लावणे भाग पडले. जे हाती लागले, ते पुण्यातील घरांना आणि लहान दवाखान्यांना उपयोगी पडेल अशा रीतीने येथे मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. अख्खे पॅड जसेच्या तसे पुनर्चक्रीकरणाला जात नाही, कारण बोटाच्या पेराएवढ्या जागेत पाच-सहा निरनिराळे पदार्थ एकमेकांना चिकटवलेले असतात. एखादे पॅड उकलून पाहिले म्हणजे हे लगेच पटते. वर पांढऱ्या फोमची चकती असते, बहुधा पॉलिइथिलीनची, आणि तिच्या खालच्या बाजूस अॅक्रेलिकचा चिकट थर असतो. मधोमध जेलने भिजलेला छोटा स्पंज दिसतो. तो चिमट्याने काढला की खाली करड्या, किंचित जांभळट झाक असलेल्या रंगाचे एक बारीक बटण दिसते. ते धातूचे वाटते, पण ते प्लॅस्टिकचे असते. त्याच्यावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असतो आणि त्या चांदीचा पृष्ठभाग सिल्व्हर क्लोराइडमध्ये बदललेला असतो. जेलमधील क्लोराइडशी त्याची जोडी जमते, विद्युतदाब स्थिर राहतो आणि मॉनिटरवरील रेषा डळमळत नाही. या प्लॅस्टिकच्या बटणाचा दांडा वरच्या टिचबटणात घट्ट दाबून बसवलेला असतो. हे वरचे टिचबटण मात्र खरोखर धातूचे, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे किंवा निकेल चढवलेल्या पितळेचे असते. काही पॅडवर काळे कार्बनयुक्त टिचबटण असते, कारण ते क्ष-किरणांच्या चित्रात आड येत नाही. त्यातून धातू मिळण्याची आशा धरू नये.

चांदीचे नाव निघाले की अनेकांचे डोळे चमकतात. सोन्या मारुती चौकात विकण्यासारखे काही हाती लागेल, असा विचार कोणाच्या मनात आला असल्यास तो तेथेच सोडून द्यावा. एका पॅडवरील चांदी इतकी नगण्य असते की शेकडो पॅड गोळा करूनही घरच्या घरी पदरात काही पडत नाही. ती सुटी करण्यासाठी नायट्रिक आम्ल वापरण्याचे उपाय सांगितले जातात. त्यातून निघणारा तांबूस वायू फुफ्फुसांना इजा करतो, आणि उरलेले चांदीयुक्त आम्ल मोरीत ओतणे हा वेगळाच अपराध होईल. स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा उद्योग कोणीही करू नये.

कामाला हात घालण्यापूर्वी पॅड कोठे वापरले गेले, हे पाहावे लागते. रुग्णालयात, दवाखान्यात किंवा तपासणी केंद्रात वापरलेल्या पॅडला २०१६ चे जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम लागू होतात, आणि त्या नियमांतील व्याख्येत उपचारांइतकाच रोगनिदानाच्या वेळी निर्माण होणारा कचराही येतो. त्यामुळे ईसीजी काढून झाल्यावर ‘साध्या त्वचेलाच तर लावले होते’ असे म्हणून ते पॅड भंगारवाल्याकडे देता येत नाही, आणि तेथील कर्मचाऱ्यांनी टिचबटणे काढत बसणेही योग्य नाही. रक्त किंवा पू लागलेले पॅड पिवळ्या पिशवीत जाते आणि त्याची वाट भट्टीकडे लागते. लाल पिशवीतील, म्हणजे दूषित पण पुनर्चक्रीकरणाजोग्या, प्लॅस्टिकवर सामायिक प्रक्रिया केंद्रात वाफेच्या दाबाखाली प्रक्रिया होते (साध्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला किमान ६० मिनिटे), मग त्याचे तुकडे केले जातात आणि त्यानंतरच ते अधिकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे जाते. नियमांच्या परिशिष्टातील यादीत इलेक्ट्रोड पॅडचे नाव स्वतंत्रपणे घेतलेले नाही, म्हणून रक्त न लागलेल्या पॅडसाठी कोणती पिशवी वापरायची, हे आपला कचरा उचलणाऱ्या प्रक्रिया केंद्राकडून लेखी घ्यावे आणि तो कागद डब्याच्या वर भिंतीवर चिकटवून ठेवावा. एका दवाखान्यात मी सकाळपाळीला पॅड लाल पिशवीत आणि रात्रपाळीला पिवळ्या पिशवीत जाताना पाहिली आहेत. दोन्ही पाळ्यांना आपणच बरोबर आहोत असे वाटत होते. प्रक्रिया न केलेला हा कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवायचा नसतो, म्हणून ‘पिशवी भरू दे, मग देऊ’ ही सवय येथे चालत नाही.

घरी वापरलेल्या पॅडचे काम सोपे आहे. पॅड घरातील एकाच माणसाच्या अखंड त्वचेवर वापरलेले असेल, त्याला जखम, पुरळ किंवा त्वचेचा संसर्ग नसेल, तरच ते उकलावे. शंका असल्यास न उकलता गुंडाळून टाकावे. उकलायचे ठरवल्यास हातमोजे घालून जुन्या वर्तमानपत्रावर बसावे. ईसीजीचे पॅड असेल तर फोम एका हाताने धरून पकडीने टिचबटणाची कड पकडावी आणि ओढण्याऐवजी आधी पिळावी. प्लॅस्टिकचा दांडा मोडल्याचा बारीक आवाज येतो आणि टिचबटण सुटते. ते साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून काचेच्या बरणीत टाकावे. ही बरणी भरायला फार दिवस लागतात, पण घाई करण्याचे काही कारण नाही. भरली की आतील टिचबटणे इतर किरकोळ धातूबरोबर भंगारात द्यावीत. टेन्सच्या पॅडला बहुधा टिचबटण नसते, तर कापडाच्या पाठीतून बाहेर आलेली आखूड वायर असते. ती पॅडच्या कडेला कात्रीने कापून वेगळी ठेवावी, कारण तिच्यात तांबे किंवा इतर वाहक तंतू असतात आणि तिची जागा ई-कचऱ्यात आहे.

उरलेला फोम, जेल आणि चिकट कापड यांचे पुनर्चक्रीकरण घरून होत नाही, हे मान्य करावे लागते. जेल मोरीत धुऊन टाकू नये. ते पाणी धरून ठेवणारे बहुवारिक असल्याने फुगून नळी तुंबवते. कुंडीत घातल्यास झाडाला पाणी पुरते, असाही एक सल्ला माझ्या कानावर आला आहे, परंतु या जेलमध्ये क्षार असतात आणि तुळशीला त्याचा प्रसाद देण्याचे काही कारण नाही. हे सर्व वर्तमानपत्रात गुंडाळावे आणि पुडीवर लाल ठिपका काढावा. सॅनिटरी नॅपकिन व डायपर यांच्यासाठी ही लाल ठिपक्याची पद्धत ‘स्वच्छ’ने पुण्यात रुजवली आहे, आणि दारोदार कचरा घेणाऱ्या ताईंना त्या खुणेचा अर्थ ठाऊक असतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि पुढे तिच्याच पुढाकारातून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. आपला सुका कचरा या बायका हाताने निवडतात, म्हणून छातीवरून काढलेले चिकट पॅड त्यांच्या बोटांना लागू नये इतकी काळजी घेणे आपल्याला अवघड नाही. पुठ्ठ्याचे खोके आणि माहितीचा कागद सुक्या कचऱ्यात द्यावा. आतून चकचकीत असलेले पाकीट प्लॅस्टिक आणि अॅल्युमिनिअमचे थर जोडून केलेले असते. तेही सुक्यातच जाते, मात्र त्याला भंगारात मोल नाही.

खरी बचत पॅड टाकण्यापूर्वी होते, आणि ती टेन्समध्ये सर्वांत मोठी आहे. ही पॅड एकाच व्यक्तीने पुन्हा पुन्हा वापरण्यासाठी केलेली असतात आणि नीट सांभाळल्यास साधारण २० ते ३० वेळा चालतात. आमच्या घरी पहिली जोडी आठवड्यातच निकामी झाली, कारण वडील आधी पाठीला महानारायण तेल चोळून घेत आणि मग त्यावर पॅड लावत. तेलाने जेलचा चिकटपणा जातो, म्हणून त्वचा साबणाने धुऊन, पूर्ण कोरडी करूनच पॅड लावावे; तेल लावायचेच असेल तर नंतर लावावे. काढताना वायर धरून ओढू नये, पॅडची कड नखाने उचलावी. काढल्यावर लगेच मूळ पारदर्शक पट्टीवर चिकटवून झिपच्या पिशवीत ठेवावे, कारण एप्रिल-मे महिन्यांतील पुण्याच्या कोरड्या हवेत उघडे राहिलेले जेल पाहता पाहता सुकते. सुकलेल्या जेलवर बोटाने पाण्याचे दोन-तीन थेंब पसरून थोडा वेळ थांबल्यास ते पुन्हा ओलसर होते. हा उपाय काही वेळा साधतो, कायमचा नाही: पॅडची एक बाजू सुटू लागली किंवा एकाच ठिकाणी टोचल्यासारखे वाटू लागले की प्रवाह कमी जागेत एकवटत आहे असे समजावे आणि पॅड बदलावे, अन्यथा त्वचा भाजू शकते. ज्यांना रोज टेन्स घ्यावे लागते, त्यांनी फिजिओथेरपिस्टला कार्बन-रबराच्या पॅडविषयी विचारावे. ती जेल लावून पट्ट्याने बांधावी लागतात आणि थोडी कटकटीची आहेत, पण धुऊन दीर्घकाळ वापरता येतात. ईसीजीच्या पॅडला यांपैकी काहीही लागू होत नाही; ती एकदाच वापरायची असतात.

दवाखान्यांसाठी दोन गोष्टी. झोपवून काढायच्या नेहमीच्या ईसीजीसाठी छातीला चोखून चिकटणारे रबरी फुगे आणि हातापायांच्या क्लिपा आजही उत्तम काम देतात. बारा लीडच्या ईसीजीला दहा इलेक्ट्रोड लागतात, म्हणजे प्रत्येक रुग्णामागे दहा पॅड वाचतात. प्रत्येक रुग्णानंतर ते पुसून निर्जंतुक करणे मात्र टाळता येत नाही, आणि जेथे ही शिस्त पाळली जात नाही तेथे एकदाच वापरायची पॅडच बरी. ट्रेडमिल चाचणी, होल्टर (दिवसभर अंगावर बाळगून ईसीजी नोंदवणारे यंत्र) आणि अतिदक्षता विभागात पॅडला पर्याय नाही. दुसरी गोष्ट पाकिटांची. अनेक इलेक्ट्रोड असलेले मोठे पाकीट एकदा उघडले की आतील सर्व इलेक्ट्रोडचे जेल सुकू लागते, आणि मी टाकून दिलेली पाहिलेली बरीचशी पॅड कोणाच्याही अंगाला न लागलेली होती. कमी रुग्ण असलेल्या ठिकाणी लहान पाकिटे मागवावीत, उघडल्याची तारीख त्यावर लिहावी आणि तोंड दुमडून चिमट्याने बंद करावे.

मुदत संपलेली, पण न उघडलेली पाकिटे रुग्णावर वापरता येत नाहीत, तरी ती निरुपयोगी नसतात. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून हृदयाचे ठोके पडद्यावर दाखवणारे यंत्र जुळवणारे अभियांत्रिकीचे विद्यार्थी शहरात पुष्कळ आहेत, आणि त्यांना टिचबटणाची अशी पॅड हवी असतात. संस्थेच्या परवानगीने व नोंद करून ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेला द्यावीत. देताना एक सूचना अवश्य द्यावी: अंगाला जोडलेले यंत्र बॅटरीवरच चालवावे आणि लॅपटॉप जोडला असल्यास त्याचा चार्जर काढून ठेवावा. डिफिब्रिलेटरची (हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची) मुदत संपलेली पॅडही अशाच रीतीने प्रशिक्षणाच्या पुतळ्यावर चिकटवण्याच्या सरावासाठी चालतात. फक्त त्यांवर ‘केवळ सरावासाठी’ असे ठळक लिहून ती खऱ्या यंत्रापासून दूर ठेवावीत.

राहिल्या लांब वायरी आणि यंत्र. टेन्सच्या लांब वायरी पॅडबरोबर टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात, वास्तविक पॅड बदलताना त्या बदलाव्या लागत नाहीत. पिन सैल झाली असेल किंवा आतील तार तुटून झटके बसत असतील, तेव्हाच त्या काढाव्यात आणि कापलेल्या आखूड वायरींच्या पुडीत ठेवाव्यात. वैद्यकीय उपकरणे २०२२ च्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांच्या कक्षेत येतात. त्यामुळे बंद पडलेले यंत्र, या वायरी आणि यंत्रातून आधी काढून टोकांना चिकटपट्टी लावलेली बॅटरी हे सर्व ई-कचऱ्याच्या संकलनात द्यावे. वायरींचे प्लॅस्टिक जाळून तांबे काढणाऱ्याच्या हाती ही पुडी पडू नये, म्हणून ती फेरीवाल्याला न देता नोंदणीकृत संकलकालाच द्यावी आणि पावती मागून घ्यावी.